न्यूक्लिअर इक्वेशन बॅलन्स करताना मागे आकडे लावायचेच नसतात का? (अकरावी, होमवर्क लाल होऊन आलाय)

हिशेबवाली_आई

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कॉमर्सवाली, एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, सायन्स दहावीला सोडलं ते सोडलंच, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर खुशाल हसा पण उत्तर द्या.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. केमिस्ट्रीत न्यूक्लिअर केमिस्ट्रीचा धडा चालू आहे आणि त्याचा होमवर्क काल लाल पेनाने नुसता रंगून आलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे अणुअंक, अणुवस्तुमानांक म्हटलं की तिला पटकन कळतं, आता तेच सगळं इंग्रजीतून आलं की आधी शब्द शोधायचा मग अर्थ लावायचा आणि तोपर्यंत सर पुढच्या पानावर. तर तिनं काय केलं, दहावीत करायचे तसं मागे २, ३ असे आकडे लावत बसली. डावीकडे युरेनियम एक, उजवीकडे युरेनियम शून्य, आता कितीही आकडे लावले तरी शून्याचं एक कसं होणार, म्हणून वही मिटून रडकुंडीला आली. मला तर तिचं म्हणणं पटलं हो. आम्हाला शिकवलं होतं की दोन्ही बाजूला अणू तेवढेच राहतात, मग हा युरेनियम गेला कुठे?

प्रश्न असे आहेत (मोबाइलवर टाईप करतेय, वर-खाली आकडे लिहिता येत नाहीत, समजून घ्या):

१) युरेनियम-२३८ → थोरियम-२३४ + ?
२) थोरियम-२३४ → ? + बीटा कण
३) ॲल्युमिनियम-२७ + अल्फा → फॉस्फरस-३० + ?
४) युरेनियम-२३५ + न्यूट्रॉन → बेरियम-१३९ + क्रिप्टॉन-९४ + ?
५) युरेनियम-२३८ पासून शिसं-२०६ होईपर्यंत किती अल्फा आणि किती बीटा बाहेर पडतात?

दुसऱ्यात तिनं ॲक्टिनियम लिहिलं, कारण एक कण बाहेर गेला म्हणजे नंबर एकाने कमी होणार ना? त्यावर मोठ्ठी फुली. चौथ्याचं उत्तर गाईडमध्ये "२ न्यूट्रॉन" आहे, तिनं तेच उतरवलं तर त्यावरही फुली! मग गाईड चूक की सर चूक? परवा परत लिहून न्यायचंय. नुसती उत्तरं नकोत, कसं करायचं ते सांगा.

थर्ड_इयर_मेक

काकू सोप्पंय, टेन्शन नका घेऊ. १) अल्फा २) प्रोटॅक्टिनियम ३) न्यूट्रॉन. चौथं गाईडमध्ये आहे तर तेच असेल, सर घाईत तपासतात. ५) २३८ वजा २०६ म्हणजे ३२, भागिले ४, आले ८ अल्फा. अणुअंक ९२ चा ८२ व्हायला पाहिजे म्हणजे १० कमी, पण ८ अल्फांनी १६ कमी झाले, म्हणजे ६ जास्तीचे कमी झाले म्हणून ६ पॉझिट्रॉन. डन. एन्ट्रन्सला हे अर्ध्या मिनिटात करायचं असतं.

खडूवाले_सर

मेकॅनिकलराव, ताईंनी "नुसती उत्तरं नकोत" असं लिहिलंय ते वाचायचं राहिलं वाटतं, आणि त्या पाचमधली दोन चुकलीत. असो, येतो तिकडे.

ताई, तुमच्या मुलीची शंका बरोबर आहे, चूक फक्त एवढीच की तिनं हे केमिकल इक्वेशन समजून सोडवलं. रासायनिक अभिक्रियेत खेळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा असतो, केंद्रकाला कोणी हात लावत नाही, म्हणून सोडियम हा सोडियमच राहतो आणि आपण अणू मोजतो. इथे केंद्रकच फुटतं नाहीतर बदलतं, तेव्हा मूलद्रव्यच बदललं, आता अणू मोजून उपयोग नाही. मोजायचे फक्त दोन आकडे. वरचा, म्हणजे अणुवस्तुमानांक, आणि खालचा, म्हणजे अणुअंक. डावीकडची वरची बेरीज = उजवीकडची वरची बेरीज, आणि खालचीही तशीच. तुम्ही अकाउंट्सला आहात ना, मग रोज हेच करता, दोन रकाने, दोन्हींचा ताळा वेगवेगळा लागला पाहिजे.

मी पस्तीस वर्षं फळ्यावर एकच गोष्ट करायला लावत आलो. समीकरण लिहिलं की त्याच्या खाली दोन ओळी काढायच्या आणि त्यात निव्वळ आकडे लिहायचे, नावं नाहीत, काही नाही. पहिल्याचं बघा:

वर: २३८ = २३४ + ४
खाली: ९२ = ९० + २

वर ४ आणि खाली २ कोणाचं? हेलियमच्या केंद्रकाचं. त्यालाच अल्फा म्हणतात. झालं. नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, आणि ते खालच्या आकड्यावरूनच ठरतं, आवर्तसारणी उघडा, तो नंबर शोधा, तिथे जे बसलंय ते तुमचं उत्तर. पोरं उलटं करतात, आधी नाव आठवायला जातात आणि मग आकडे त्यात कोंबतात.

पाठ करायचे कण थोडेच आहेत: अल्फा (वर ४, खाली २), न्यूट्रॉन (१, ०), प्रोटॉन (१, १), बीटा (०, उणे १), पॉझिट्रॉन म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन (०, अधिक १), गॅमा (०, ०).

आता दुसरा, जिथे तुमची लेक अडकली आणि दरवर्षी अर्धा वर्ग अडकतो.

वर: २३४ = ? + ०
खाली: ९० = ? + (−१)

खालचं सोडवा, ? बरोबर ९१. ९१ म्हणजे प्रोटॅक्टिनियम. उणे एक बाहेर गेलं म्हणजे मागे एक वाढलं. ॲक्टिनियम ८९ येतं ते तिनं उणे चिन्ह गिळलं म्हणून.

चौथ्यात तुमचे सर बरोबर आहेत, गाईड चूक आहे, आणि गाईडवाल्याने चूक कुठे केली तेही दिसतंय.

वर: २३५ + १ = १३९ + ९४ + ?
खाली: ९२ + ० = ५६ + ३६ + ?

डावीकडे वर २३६. उजवीकडे २३३. राहिले ३, आणि खालचा रकाना आधीच जुळलाय, राहिले ०. वर ३ खाली ० असा एकटा कण आपल्या यादीत नाही, पण वर १ खाली ० वाला न्यूट्रॉन आहे, म्हणून ३ न्यूट्रॉन. गाईडवाला डावीकडून आत शिरलेला न्यूट्रॉन धरायला विसरला, त्याने २३५ मधून २३३ वजा केले आणि २ लिहून मोकळा झाला. आणि बघा, इथे मागे "३" लावायलाच लागतो, तेव्हा मागे आकडा कधीच लावायचा नाही असंही नाही, फक्त तो आपण चाचपडत लावत नाही, हिशेबातून पडतो.

मेक, पाचव्यात ८ अल्फा बरोबर. ८ अल्फा गेल्यावर खाली उरतात ९२ − १६ = ७६. ७६ म्हणजे ऑस्मियम. पोचायचंय ८२ वर. चढायचंय, उतरायचं नाही! पॉझिट्रॉन सोडलास तर ७६ चा ७० होशील बाबा. चढवणारा कोण? ज्याच्या खाली उणे एक आहे तो. म्हणून ६ बीटा. (प्रत्यक्षात आधी सगळे अल्फा मग सगळे बीटा असं नसतं, मधेमधे मिसळून पडतात, वाटेत रेडियम, रेडॉन, पोलोनियम सगळे भेटतात. बेरजेला क्रमाशी घेणंदेणं नाही.)

तिसरा मुद्दाम ठेवलाय, तिलाच करू द्या.

थर्ड_इयर_मेक

हो सर, चढायचं-उतरायचं उलटं धरलं. आणि चौथा मी बघितलाच नव्हता, खरं सांगतो 😅

हिशेबवाली_आई

सर, किती उपकार! तिला शेजारी बसवून वाचून दाखवलं. ताळा म्हटल्यावर मलाच आधी कळलं आणि मी तिला शिकवायला लागले, ती म्हणे आई तू गप्प बस मला कळलंय. तिसरा तिनं केला, वर २७ + ४ = ३० + १ आणि खाली १३ + २ = १५ + ०, न्यूट्रॉन. बरोबर ना?

पण आता तिनं एक विचारलंय आणि मला काही सांगता येईना. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच असतात असं पाठ करून घेतलंय, मग बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन तिथून बाहेर येतो म्हणजे होता कुठे? बाहेरच्या कक्षेतला उडून जातो का?

खडूवाले_सर

तिसरा बरोबर, शाब्बास सांगा तिला.

इलेक्ट्रॉन आत नव्हताच, आणि बाहेरच्या कक्षेतलाही तो नाही. आतल्या एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो आणि त्या क्षणी तो तयार होऊन बाहेर फेकला जातो. फटाक्याचा आवाज फटाक्यात भरून ठेवलेला असतो का? तसंच. याचाही ताळा लावा की: न्यूट्रॉन (१, ०) → प्रोटॉन (१, १) + इलेक्ट्रॉन (०, −१). वर एकाला एक, खाली शून्याला एक उणे एक. म्हणूनच बीटा गेल्यावर वरचा आकडा हलत नाही, एक न्यूट्रॉन गेला एक प्रोटॉन आला, आणि खालचा एकाने वाढतो. हे एकदा डोक्यात बसलं की उणे एक पाठ करायची गरज नाही.

खरं म्हणजे सोबत अँटिन्यूट्रिनो पण जातो, पण तो वर ० खाली ० असल्याने आपल्या दोन रकान्यांत दिसतच नाही. तो सापडला तोही हिशेब न जुळल्यामुळेच बरं का, फक्त ऊर्जेचा हिशेब. बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दर वेळी वेगळी आणि बहुतेक वेळा कमीच भरायची, म्हणून पाउली या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये सांगितलं की आणखी एक न दिसणारा कण असला पाहिजे, आणि प्रयोगात तो पकडायला १९५६ उजाडलं. अकरावीच्या वहीत नाही लिहिला तरी मार्क जात नाहीत.

तिसऱ्या प्रश्नातलं समीकरण माझं लाडकं आहे म्हणून जरा लांबण लावतो. पॅरिसमध्ये १९३४ च्या सुरुवातीला इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या नवराबायकोने (इरेन म्हणजे मेरी क्युरींची लेक) ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला, आणि अल्फाचा स्रोत बाजूला काढल्यावरही पत्रा काही वेळ पॉझिट्रॉन सोडतच राहिला. म्हणजे नवीन किरणोत्सारी काहीतरी तयार झालं होतं, फॉस्फरस-३०. आता कागदावर ताळा लागला म्हणून तो फॉस्फरस आहे असं कोण मानणार? आणि तो तर अडीच मिनिटांत निम्मा होतो. त्यांनी पत्रा ॲसिडमध्ये विरघळवला, फॉस्फरस वायुरूपात वेगळा निघाला आणि किरणोत्सार त्याच्याबरोबर गेला, पत्र्याच्या द्रावणात राहिला नाही. हे सगळं काही मिनिटांत! १९३५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यासाठीच. पुढचं समीकरण मुलीला द्या: फॉस्फरस-३० → ? + पॉझिट्रॉन.

स्कॅनरूम_नाईटशिफ्ट

मी न्यूक्लिअर मेडिसिनला टेक्नॉलॉजिस्ट आहे, हे वाचून राहवलं नाही. आमचं पोटच या दोन रकान्यांवर चालतं. पेट स्कॅनला जे इंजेक्शन देतो त्यात फ्लोरिन-१८ असतं, ते सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) बनतं: ऑक्सिजन-१८ + प्रोटॉन → फ्लोरिन-१८ + न्यूट्रॉन. ताळा लावा, वर १८ + १ = १८ + १, खाली ८ + १ = ९ + ०. मग पेशंटच्या अंगात ते पॉझिट्रॉन सोडून परत ऑक्सिजन-१८ होतं, खाली ९ = ८ + १. जिथून निघालं तिथेच परत. साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे पेशंट ट्रॅफिकमध्ये अडकला की आम्ही घड्याळाकडे बघत बसतो, दोन तास उशीर म्हणजे अर्ध्याहून जास्त डोस वाया, आणि "सिस्टर पाच मिनिटांत आलोच" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय.

मुलीला दुसरं सांगा, टेक्नेशियम-९९ एम (एम म्हणजे मेटास्टेबल, केंद्रकात जास्तीची ऊर्जा अडकून राहिलेली अवस्था). हाडांच्या स्कॅनला वापरतात. मोलिब्डेनम-९९ बीटा सोडून ते होतं, खाली ४२ = ४३ − १. आमच्याकडे शिशाच्या डब्यात मोलिब्डेनमचा जनरेटर येतो आणि त्यातून रोज सकाळी सलाइनने टेक्नेशियम धुऊन काढायचं, त्याला सगळीकडे "गाय दोहणं"च म्हणतात, खोटं नाही. आणि तो "एम" वाला नंतर फक्त गॅमा सोडतो, वर ९९ = ९९ + ०, खाली ४३ = ४३ + ०, मूलद्रव्य तेच, आकडे तेच, फक्त एम गळून पडतो. परीक्षेत गॅमा आला की पोरं उगाच काहीतरी बदलून ठेवतात, काही बदलायचं नाही.

शंकासुर_पुणे

सगळं छान चाललंय पण एक खोच. सर, तुम्ही ताळा ताळा म्हणताय, पण ताळा लागला म्हणजे समीकरण खरं असं नाही हे पण सांगा पोरीला. बेरिलियम-९ + अल्फा घ्या. वर १३, खाली ६. यातून कार्बन-१३ + गॅमा लिहिलं तरी जुळतं आणि कार्बन-१२ + न्यूट्रॉन लिहिलं तरी जुळतं. १९३२ साली याच जोलिओ-क्युरींनी बाहेर येणारे किरण गॅमाच समजले होते, कागदावर काही चूक नव्हतं. त्या किरणांनी मेणातून प्रोटॉन इतक्या जोरात उडत होते की गॅमा मानला तर त्याची ऊर्जा अशक्य इतकी जास्त धरावी लागत होती, चॅडविक या शास्त्रज्ञाने तिथे बोट ठेवलं आणि न्यूट्रॉन त्याच्या नावावर लागला. हाताशी आलेलं नोबेल निसटलं म्हणा.

दुसरं, "वस्तुमान दोन्हीकडे सारखं" असं चुकूनही लिहू नका. वस्तुमानांक सारखा, वस्तुमान नाही.

हिशेबवाली_आई

हे दुसरं नाही कळलं. वर २३८ = २३४ + ४ झालं ना?

शंकासुर_पुणे

तो आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती नग, वजन नाही. खरं वजन बघा, अणूंच्या मापात: युरेनियम-२३८ चं २३८.०५०८, थोरियम-२३४ चं २३४.०४३६, हेलियमचं ४.००२६. उजवीकडची बेरीज २३८.०४६२. फरक ०.००४६.

हिशेबवाली_आई

अहो एवढा फरक आम्ही राउंड ऑफ खात्यात टाकतो 😄

शंकासुर_पुणे

आणि इथे त्या राउंड ऑफवरच सगळं चालतं ताई! ते ०.००४६ म्हणजेच साधारण ४.३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) ऊर्जा, ती घेऊन अल्फा सुसाट बाहेर पडतो. तुमच्या चौथ्या प्रश्नात, युरेनियम फुटतो तेव्हा, ती २०० च्या आसपास जाते. तारापूरला १९६९ पासून वीज बनते ती त्या पैशाअडक्याच्या फरकातून.

खडूवाले_सर

शंकासुरांचं दोन्ही बरोबर. माझ्या वर्गात असा एक मागच्या बाकावर असायचाच.

चौथ्याबद्दल एक भर घालतो नाहीतर मुलगी "युरेनियम फुटला की ३ न्यूट्रॉन" असं पाठ करून ठेवेल. तो दर वेळी एकसारखा फुटत नाही. झेनॉन-१४० आणि स्ट्रॉन्शियम-९४ झाले तर वर २३६ − २३४ = २ न्यूट्रॉन, आणि तेही तितकंच खरं. सरासरी काढली तर २.४ च्या आसपास येते. तेव्हा गाईडमधले २ न्यूट्रॉन हे उत्तर जगात कुठेतरी बरोबर आहेच, फक्त त्या बेरियम-क्रिप्टॉनच्या जोडीला लागू नाही.

मेक

(हो मी नाव बदललं, थर्ड इयर संपलं)

सर मग जिथे इलेक्ट्रॉन आत ओढला जातो ते? आम्हाला एन्ट्रन्सला तिथेच गंडवलं होतं.

खडूवाले_सर

मग तो डावीकडे लिहायचा, एवढंच. पोटॅशियम-४० + इलेक्ट्रॉन → अरगॉन-४०. खाली १९ + (−१) = १८. हाच पोटॅशियम बहुतेक वेळा मात्र बीटा सोडून कॅल्शियम-४० होतो, खाली १९ = २० − १. दोन्ही वाटा खऱ्या, आणि केळं खाल्लंत की थोडा पोटात जातोच, घाबरू नका, तो तसाही आपल्या अंगात कायम असतो.

हिशेबवाली_आई

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि ही अजून वही घेऊन बसलीये. फॉस्फरस-३० चं सिलिकॉन-३० आलं, खाली १५ = १४ + १. गाईडच्या त्या पानावर तिनं पेन्सिलने "१ धरायचा राहिला" असं लिहून ठेवलंय, उद्या सरांना दाखवणार म्हणे. मी म्हटलं जरा नम्रपणे दाखव. आणखी एखादा आहे का, म्हणतेय. मोबाइल तिच्याच हातात देते, तीच लिहील.

खडूवाले_सर

देतो. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडतं, त्यात थोरियम-२३२ असतो. दोन प्रश्न. एक, तो आपोआप ऱ्हास होत होत शिसं-२०८ होतो, किती अल्फा किती बीटा? दोन, त्याने एक न्यूट्रॉन गिळला आणि मग ओळीने दोन बीटा सोडले, तर काय तयार झालं?

हिशेबवाली_आई

सर मी तिची मुलगी. पहिला: २३२ − २०८ = २४, म्हणून ६ अल्फा. ९० − १२ = ७८ (प्लॅटिनम आलं!! इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं), ८२ ला जायला ४ वर चढायचं, ४ बीटा.

दुसरा: वर २३२ + १ = २३३, बीटाने वर काही बदलत नाही. खाली ९०, ९१, ९२. युरेनियम-२३३. पण सर युरेनियम तर २३५ आणि २३८ असतो ना, २३३ चालतो का?

खडूवाले_सर

खाली ९२ आहे ना? मग तो युरेनियमच, वर काहीही असू दे. निसर्गात सापडण्यासारखा उरलेला नाही, म्हणून बनवावा लागतो. कल्पक्कमला कामिनी नावाची छोटी अणुभट्टी आहे, तिचं इंधन हेच, युरेनियम-२३३. झोप आता, अकरा चाळीस झाले.